मुळाच्या टोकाशी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, फक्त मधला गोंगाट वगळला आहे.)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर आणि आपलं भविष्य’ असा विषय दिला होता. मी तो परत केला. चोवीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहितेय, आणि भविष्याबद्दल मला खात्रीने सांगता येईल असं एकच आहे, ते म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी नवा कोड चढवू नये. ते सांगून झालं. आता मी मुळांबद्दल बोलणार आहे. होय, झाडाच्या मुळांबद्दल. मागच्या बाकावरून ‘ही कधीपासून शेतकीण झाली’ असं ऐकू आलं. पाच वर्षं झाली. झाले म्हणजे नापास झाले, तीच गोष्ट सांगते.

आठवीतला विज्ञानाचा तास आठवतो? बाई समोरच बसल्यात, म्हणून जपून बोलते. बाईंनी फळ्यावर मुळाचं टोक काढलं होतं. वरच्या बाजूला मूलरोमांची दाढी, आणि अगदी शेवटी ठिपक्यांनी भरलेली मूलटोपी. बाईंनी विचारलं, मुळाला टोपी कशाला? वर्गातून उत्तर आलं, ‘डोकं फुटू नये म्हणून.’ सगळे हसले. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. आपण चार गुणांची आकृती काढली, नावं दिली आणि विसरलो. ती टोपी मला परत भेटली २०२१ च्या जानेवारीत, आमच्या भरडावर.

मार्च २०२० मध्ये ऑफिसं बंद झाली आणि मी लॅपटॉप घेऊन गावाला आले, ती पंधरा महिने राहिले. घरामागे आमचा दहा-बारा गुंठ्यांचा भरड आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांकडे असा तुकडा असेल. खाली जांभा, वर लाल माती, उतार, पावसात धो धो पाणी वाहून जाणार आणि मेमध्ये भाजून निघणार. बाबा तिथे एक वर्ष नाचणी, एक वर्ष कुळीथ असं करायचे. दरवर्षी पातेरा गोळा करून पसरायचे, शेण टाकायचे. पस्तीस वर्षं. त्या पस्तीस वर्षांत वरची चार बोटं माती काळपट, भुसभुशीत झाली होती. मला ती फक्त ‘वरची माती’ दिसत होती. तिची किंमत माहीत नव्हती.

मी ठरवलं, इथे नीट भाजीपाला करायचा. पालक, बीट, आणि गाईसाठी लसूणघास. उतार नडत होता, म्हणून जेसीबी बोलावला. आपल्या वर्गातला एकजण आज तीन जेसीबींचा मालक आहे, तो तिकडे मान खाली घालून बसलाय. अरे, तुझा जेसीबी नव्हता, निवांत बस. आणि चालवणाऱ्याचीही चूक नव्हती. ‘सपाट कर’ असं मी सांगितलं, त्याने सपाट केलं. वरच्या बाजूची माती खरवडून खालच्या बांधाशी ढकलली, तिच्यावर आतली लाल माती चढली, दोन तासांत काम फत्ते. कॅरमबोर्डासारखी जागा झाली. बाबा पायरीवर बसून बघत होते. एवढंच म्हणाले, “भरडार कुळीथ नि नाचणो. बाकी काय येवचा नाय.” मी हसले.

मग मी जे मला येतं ते केलं. ठिबक बसवलं. जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर पुरले. दर दहा मिनिटांनी आकडा मोबाइलवर. ओल कमी झाली की पंप आपोआप सुरू. नोव्हेंबरमध्ये पेरणी केली. आलेख इतका सुंदर होता की मी तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाखवला होता, त्याचंही कौतुक झालं.

रोपं आली, दोन पानांची झाली आणि थांबली. मरत नव्हती, वाढत नव्हती. पालक पिवळट, बीट तर काडीसारखं. खत दिलं, काही नाही. अजून पाणी दिलं, काही नाही. दुपारी ओल भरपूर असताना पानं माना टाकायची. आलेख म्हणतोय पाणी आहे, झाड म्हणतंय नाही. आमच्या धंद्यात असं झालं की आलेखावर विश्वास ठेवायची सवय असते. मी आणखी दोन सेन्सर पुरले.

शेवटी बाबांनी येऊन एक रोप उपटलं. गुडघे दुखत असताना चढून आले आणि सरळ उपटून माझ्या हातात दिलं. दोन महिन्यांच्या रोपाचं मूळ माझ्या करंगळीएवढंही नव्हतं. आखूड, जाड, तपकिरी. बारीक फाटे नाहीत, मूलरोमांची दाढी नाही. टोक तर सुजल्यासारखं, गाठाळलेलं. दोन महिने मी पाणी मोजत होते, आणि पाणी पिणारं तोंडच बंद पडलेलं होतं.

माती तपासायला दिली. पीएच ४.७ आला. आपण लिटमस कागदाचे प्रयोग केलेत, सातच्या खाली आम्ल, एवढं माहीत होतं. पण थोडी आंबट माती एवढी वाईट का, हे कळेना. मग वाचायला लागले आणि त्या वाचनात मी इतकी अडकले की वर्षभर दुसरं काही वाचलं नाही. आज तेच सांगायला उभी आहे.

आंबटपणा स्वतः तेवढा दोषी नाही. खरा दोषी आहे ॲल्युमिनियम. हो, आपल्या टोपाचा आणि डब्याचा तोच. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के ॲल्युमिनियम आहे, लोखंडापेक्षाही जास्त. चिकणमातीच्या कणाकणात तो सिलिकॉन आणि ऑक्सिजनबरोबर घट्ट बांधलेला असतो. जांभ्यात तर आणखी, कारण हजारो वर्षांच्या पावसाने बाकीची द्रव्यं धुऊन नेलीत आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिलेत. बांधलेला असतो तोवर तो निरुपद्रवी. पण मातीचा पीएच साधारण ५ च्या खाली उतरला की तो सुटतो आणि मातीतल्या पाण्यात विरघळतो, तीन धन भार घेऊन. तिथे मग तो विष होतो. अगदी अल्प प्रमाणात सुद्धा. संवेदनशील झाडाच्या मुळाची वाढ तासा-दोन तासांत मंदावते. जगातल्या बर्फाखाली नसलेल्या जमिनीपैकी सुमारे ३० टक्के जमीन आम्लधर्मी आहे, म्हणजे हे दुखणं एकट्या आमच्या भरडाचं नाही.

हा सुटा ॲल्युमिनियम मुळाच्या पेशींच्या भिंतींना चिकटतो. त्या भिंतींवर ऋण भार असतो, याच्यावर तिप्पट धन भार, जोडी जमायला वेळ लागत नाही. भिंत कडक होते, ताणली जात नाही, पेशी लांब होत नाही, मूळ खुंटतं. आता गंमत बघा. १९९३ मध्ये संशोधकांनी मक्याच्या मुळावर एक साधा प्रयोग केला. मुळाचा वेगवेगळा भाग वेगवेगळा ॲल्युमिनियमच्या संपर्कात आणायचा. मुळाचा बाकी सगळा भाग विषात ठेवला आणि टोक वाचवलं, तर मूळ जवळपास नेहमीसारखं वाढत राहिलं. उलट फक्त शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरना विष लावलं, तर मूळ थांबलं. म्हणजे अख्ख्या मुळाचं मरण त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये आहे. बाईंनी फळ्यावर काढलेलं ते टोक, टोपी आणि तिच्यामागचा पेशी वाढवणारा भाग, बस तेवढं.

म्हणजे झाडाला आपला बचाव करायचा असेल, तर सगळीकडे करायची गरज नाही. टोक सांभाळलं की झालं. पण कसं सांभाळायचं? कवच घालून बंद करता येत नाही. त्याच टोकाने पुढे सरकायचंय, माती चाचपायचीय, पाणी शोधायचंय. दार लावून घेतलं तर मूळ कसलं ते. आमच्याकडे सुरक्षेचं काम करणारे लोक सगळे दरवाजे बंद करून मोकळे होतात, मग ग्राहकालाच आत येता येत नाही. मुळाला ती चैन नाही.

याचं उत्तर सापडलं गव्हात, त्याच १९९३ साली, ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे. संशोधकांनी गव्हाचे दोन वाण घेतले, जवळजवळ जुळे भाऊ. फरक एवढाच, की एक ॲल्युमिनियम सोसतो, दुसरा सोसत नाही. दोघांच्या मुळांना ॲल्युमिनियम दिला. सोसणाऱ्याच्या मुळांतून पंधरा मिनिटांच्या आत एक पदार्थ बाहेर यायला लागला, नाजूक भावापेक्षा पाच ते दहा पट जास्त. तो पदार्थ म्हणजे मॅलिक आम्ल. सफरचंदाला आंबटपणा देणारं. देशावरच्या माहेरवाशिणींना दुसरी ओळख सांगते. हरभऱ्याच्या शेतात पहाटे फडकं फिरवून जी आंब गोळा करतात, तिच्यातलं मुख्य आम्ल हेच. हरभरा ते पानांवर सोडतो, गहू मुळाच्या टोकाशी सोडतो. आणि तेही फक्त टोकाच्या तीन ते पाच मिलिमीटरमधून. बाकीचं मूळ गप्प.

हे आम्ल बाहेर येऊन ॲल्युमिनियमला चिमट्यासारखं पकडतं. पकडलेला ॲल्युमिनियम पेशीच्या भिंतीला चिकटू शकत नाही, आत शिरू शकत नाही. तिथेच टोकाभोवती गुंतून राहतो आणि मूळ पुढे सरकतं. आता इथे कुणीतरी विचारेल, आंबट जमिनीत आणखी आंबट कशाला? मलाही तेच वाटलं होतं. पण बाहेर येतं ते आम्लाचं ऋण भाराचं रूप, आणि त्याचं काम मातीचा आंबटपणा बदलणं नाही, धातूला धरणं आहे.

मला सगळ्यात जास्त धक्का देणारी गोष्ट पुढे आहे. त्या दोन भावांच्या मुळांच्या टोकांत मॅलिक आम्लाचा साठा जवळपास सारखाच निघाला. म्हणजे मेला तो गरीब नव्हता. घरात धान्य होतं, दार उघडलं नाही. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी ते दार शोधलं. पेशीच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन, जे मॅलेट बाहेर सोडतं, आणि त्याचं जनुक, एएलएमटी-१. हे दार उघडतो कोण? खुद्द ॲल्युमिनियम. तो येऊन प्रथिनाला लागला की दार उघडतं. शत्रूच घंटा वाजवतो. आणि पुढे २००६ मध्ये कळलं, की नाजूक गव्हातही हे प्रथिन असतंच, चालतंही. फरक प्रथिनात नाही, जनुकाच्या अलीकडच्या भागात आहे, जिथे हे जनुक किती जोरात वाचायचं ते ठरतं. सोसणाऱ्या गव्हांत त्या भागातले काही तुकडे दोनदा-तीनदा लिहिलेले आढळले, म्हणून दारं जास्त बनतात. आमच्या भाषेत, कोड तोच, सेटिंग वेगळं. हे वाचलं त्या रात्री मी एकटीच मोठ्याने हसले, आई उठून बघायला आली.

बाहेर टाकलेलं हे आम्ल म्हणजे कचरा नव्हे. पानांनी उन्हात बसून केलेली साखर, तिच्यापासून बनलेलं. कमाईचा भाग. ती कमाई मूळ मातीत ओतून टाकतं, परत मिळण्याची आशा नाही. म्हणूनच कंजुषी आहे. टोकापुरतं, आणि घंटा वाजली तरच. सगळ्या मुळातून कायम ओतत बसलं असतं तर झाड भिकेला लागलं असतं.

हा सोसणारा गहू आला कुठून? बराचसा ब्राझीलच्या दक्षिणेकडून. तिथल्या लाल, आंबट जमिनीत गहू करपायचा. त्या करपण्याला तिथले लोक ‘क्रेस्टामेंटो’ म्हणत. त्यांना ॲल्युमिनियमचं दार वगैरे काही माहीत नव्हतं. जे टिकलं त्याचं बी ठेवायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा टिकलेलं ठेवायचं. आमच्या माळ्यावर कुळथाची मडकी असायची, राख लावून ठेवलेली. त्यातलं बी बाबांच्या आजोबांपासूनचं आहे म्हणतात. कुळथाच्या मुळाशी नेमकं काय चालतं ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या भरडावर त्याने तीन पिढ्या हार मानलेली नाही, हे तर खरं.

सगळी झाडं एकाच पद्धतीने वागत नाहीत. ज्वारी सायट्रिक आम्ल सोडते, लिंबातलं. तिचं जनुक २००७ मध्ये ब्राझील आणि अमेरिकेतल्या लोकांनी मिळून शोधलं. कुट्टूची तऱ्हा और, तो ऑक्झॅलिक आम्ल सोडतो आणि उरलेला ॲल्युमिनियम उचलून पानांतही नेऊन ठेवतो, बांधून. चहाचं झुडूप तर जुन्या पानांत एवढा ॲल्युमिनियम साठवतं की दुसरं झाड मेलं असतं. हायड्रेंजियाची फुलं आंबट मातीत निळी होतात, तो रंग ॲल्युमिनियममुळे. आणि आपला भात, जो या बाबतीत लहान तृणधान्यांत सगळ्यात चिवट मानला जातो, तो वेगळीच युक्ती करतो. २०१० मध्ये कळलं, की भाताच्या मुळाच्या पेशी ॲल्युमिनियमला मुद्दाम भिंतीतून काढून आत घेतात, आणि पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतात. रिक्तिका आठवते ना? आकृतीतला मोठा मोकळा फुगा, जिला नाव द्यायला आपण हमखास विसरायचो आणि अर्धा गुण जायचा.

खाचरात आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलेली आहे. लावणीनंतर महिन्याने भाताचा चूड उपटला तर मुळांवर तांबूस गंज दिसतो. आपल्याला वाटायचं, लाल मातीचा रंग लागला. ते तेवढंच नाही. साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसतो, तिथे लोह विरघळून सुटतं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. भात काय करतो, पानांतून आत आलेली हवा पोकळ नळ्यांतून मुळापर्यंत नेतो आणि मुळातून बाहेर झिरपू देतो. प्राणवायू मिळाला की लोह मुळाच्या बाहेरच गंजतं आणि तिथेच थर होऊन बसतं. लावणीला वाकून कंबर मोडली तेव्हा आपण हा संरक्षणाचा थर हातात धरून चिखलात खोचत होतो.

आणि बाई, टोपीचं उत्तर अर्धंच होतं. डोकं फुटू नये म्हणून, हे आहेच. पण टोपीच्या कडेच्या पेशी सतत सुटून मातीत पडत असतात, सोबत बुळबुळीत चीक असतो. सुटलेल्या या पेशी बराच काळ जिवंत राहतात आणि ॲल्युमिनियमला चिकात अडकवून ठेवतात. त्या पेशी पुसून काढल्या तर टोक अधिक लवकर खुंटतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे टोपी झिजते, ती नुसती घासली जाऊन नाही. ती स्वतःला थोडं थोडं पुढे टाकून मागच्याला वाचवते.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर सगळंच फार गोड वाटेल. मूळ स्वतःला सांभाळतं, आपल्याला नाही. कॅडमियमसारखे धातू आले की झाडं पेशीच्या आत वेगळे चिमटे बनवतात, गंधक असलेल्या छोट्या प्रथिनांसारखे. १९८५ मध्ये जर्मनीत ते पहिल्यांदा ओळखले गेले, तेही सर्पगंधेच्या पेशींमध्ये, आपल्या रानातल्या सर्पगंधेच्या. झाडाचा जीव वाचतो. पण सगळा धातू मुळातच अडकतो असं नाही, काही दाण्यात जातो. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी वरच्या खाणीतला कॅडमियम नदीतून खाचरांत आला. भात उभा राहिला, पिकला, लोकांनी खाल्ला. हाडं ठिसूळ होऊन बायका वेदनेने ओरडायच्या, म्हणून त्या आजाराचं नावच ‘इताई-इताई’ पडलं, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये तिथल्या सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं. तेव्हा पीक हिरवंगार दिसतंय म्हणजे जमीन शुद्ध, असं समजू नका. कारखान्याशेजारी प्लॉट घेतलेल्यांनी विशेष.

आता परत भरडावर. माझ्या माती-परीक्षणात ॲल्युमिनियम मोजलेला नव्हता, फक्त पीएच होता. म्हणून मी स्वयंपाकघरात प्रयोग केला. भरडावरची लाल माती दोन मडक्यांत भरली. एकीत शिंपल्याचा चुना मिसळला, दुसरीत नाही. दोन्हीत डब्यातले गहू पेरले, सारखं पाणी दिलं. पाच दिवसांनी हलकेच धुऊन काढले. चुन्याच्या मडक्यातली मुळं बोटभर, पांढरी, केसाळ. दुसरीतली नखाएवढी, टोकाला तपकिरी. एवढ्यावरून शास्त्रीय निबंध लिहिता येत नाही, पण मला जे कळायचं ते कळलं. चाळीस हजारांच्या सेन्सरनी जे सांगितलं नाही ते मूठभर गव्हाने सांगितलं.

तिसरं मडकं मी नंतर भरलं, बांधाशी ढकललेल्या ढिगाच्या तळातून काढलेल्या काळपट मातीचं. चुना नाही, काही नाही. त्यातले गहू चुन्याच्या मडक्याच्या जवळपास आले. हे मी बाबांना दाखवलं आणि सांगितलं, कुजलेल्या पाल्यात जी द्रव्यं असतात तीही ॲल्युमिनियमला धरून ठेवतात, मूळ जे आम्ल सोडून करतं तेच काम थोडंफार ती माती आधीच करत असते. आतल्या लाल मातीत तो पाला नाही, म्हणून तिथे विष मोकळं. बाबांनी तिन्ही मडक्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “मगे माझो पातेरो ह्याच करी होतो.”

पस्तीस वर्षं करत होता. मी दोन तासांत तो गाडून टाकला.

ती माती परत आणायला मला दोन उन्हाळे लागले. जेसीबीने नाही, घमेल्याने. सगळी मिळाली नाही, बरीच लाल मातीत मिसळून गेली. जी मिळाली ती वर पसरली. चुना टाकला, तोही अंदाजाने नाही, पीएच मोजत मोजत. चुना जास्त झाला तर जस्तासारखी द्रव्यं झाडाला मिळेनाशी होतात, त्यामुळे उत्साहाने पोतीच्या पोती ओतू नका. चुना खोलवर लवकर उतरत नाही, हेही लक्षात ठेवा. ब्राझीलमध्ये खालच्या थरासाठी जिप्सम वापरतात, ते पाण्याबरोबर खाली जातं. आणि युरिया हात सैल सोडून टाकू नका. मातीतले जिवाणू त्याचं रूपांतर करताना आम्ल तयार होतं, आणि आपल्याकडच्या पावसात जमीन आधीच धुतलेली असते. बाबा दरवर्षी तरव्यासाठी राब भाजायचे. त्याचे धुराचे तोटे आहेत, तणाचं बी मरणं हा त्याचा मोठा हेतू, पण राख आम्लाच्या उलट गुणाची असते, हे आता त्या राखेकडे बघताना माझ्या डोक्यात येतं.

आज त्या जागेवर खालच्या अर्ध्या भागात कुळीथ आहे, वर नाचणी. बीट मी कुंडीत लावते. पीएच ५.६ पर्यंत आलाय. सेन्सर अजून आहेत, पण मी महिन्यातून एकदा एखादं रोप उपटून टोक बघते. पांढरं असलं की बरं वाटतं.

हे सगळं इथेच सांगायचं कारण आहे. आपल्यातले सात-आठजण तरी आता गावाकडे परत येऊन घर बांधतायत, बाग करतायत. ग्रुपवर फोटो येतात, सपाट, लाल, गुळगुळीत प्लॉटचे, आणि खाली अंगठे. मी अंगठा देत नाही, म्हणून एकदोघी रागावल्यात माझ्यावर. जेसीबी लावायचाच असेल तर आधी वरची वीतभर माती काढून बाजूला ढीग करायला सांगा, ताडपत्री घाला, आणि सपाटी झाली की तीच वर पसरा. जास्तीत जास्त एक दिवसाचं भाडं वाढेल. जेसीबीवाल्या मित्रा, तू मान हलवतोयस, तर ते दरपत्रकात लिहूनच टाक.

दोन मडकी मी आज सोबत आणली आहेत, मागे जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवली आहेत. सहा दिवसांचे गहू आहेत. डावीकडचं लाल मातीचं, उजवीकडचं बाबांच्या मातीचं. वरून दोन्ही जवळपास सारखेच हिरवे दिसतात, फसू नका. जेवायला जाताना एकेक कोंब उपटा, मुळं पाण्याच्या ग्लासात धुवा आणि टोक बघा. बाईंना पहिला कोंब. भिंगही आणलंय.